देवमासा बघायला निघालात, तर एवढं ऐका

पोरी, श्रीलंकेतल्या मिरिसाला जायचं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ नका. बाकीचं मागून सांगते, पण हे आधी. आपल्याकडे शाळेचा निकाल लागला की तिकिटं काढायची, हा रिवाज. जावईबापूंची रजाही मे महिन्यातच मंजूर होते, हे मला ठाऊक आहे. पण मे लागला की नैऋत्येचा वारा श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन थडकतो. आपल्या हिंगोलीत पेरणीसाठी आपण मृगाची वाट बघत असतो, तेव्हा तिकडचा समुद्र आधीच खवळलेला असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा मिरिसाचा हंगाम, आणि त्यातही जानेवारी ते मार्च पाणी बरंच निवांत. मे महिन्यातच जाणं भाग असेल तर मिरिसाचा हट्ट सोडा आणि बेटाच्या दुसऱ्या अंगाला, पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला जा. वारा मधले डोंगर ओलांडून तिकडे पोचेपर्यंत त्याचा पाऊस सांडून गेलेला असतो, आणि पाणीही बोट घालण्याजोगं असतं. मी वसमतच्या पोरांना फळ्यावर मोसमी वाऱ्याचे बाण काढून दाखवले ते काही नुसते मार्कांसाठी नव्हते; सुट्टी कधी काढायची ते त्या बाणांवरूनच ठरतं.

आता, देवमासे तिथेच का, हे लेकरू विचारणारच, म्हणून सांगते. मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे समुद्राखालची उथळ जमीन, शेकडो किलोमीटर पसरलेली आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्रा भूशिराजवळ, ती फार अरुंद आहे. बंदरातून निघून थोडं आत गेलं की तळ एकदम खोल जातो. खालचं थंड, कसदार पाणी वर येतं, त्यावर बारीक कोळंबीसारखे जीव पोसतात, आणि ते खायला जगातला सगळ्यात मोठा प्राणी, निळा देवमासा, किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतो. दुसरीकडचे निळे देवमासे खाण्यासाठी ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात आणि पिल्लं घालायला उबदार पाण्यात येतात. हे इथले मात्र बारा महिने उष्ण कटिबंधातच राहतात, तिथेच खातात, तिथेच पिल्लं वाढवतात. हे लक्षात आणून देणारी बाई श्रीलंकेचीच आहे, डॉ. आशा डी वोस. २००३ साली संशोधनाच्या बोटीवर असताना तिला निळ्या देवमाशांचा एक घोळका दिसला आणि पाण्यावर तांबडी विष्ठा तरंगताना दिसली. विष्ठा आहे म्हणजे इथेच खाणं चाललंय, हे तिने ओळखलं आणि पुढची सगळी वर्षं त्याच कामाला लावली. लेकराला ही गोष्ट बोटीत बसायच्या आदल्या रात्री सांग. किळस करेल, हसेल, पण दुसऱ्या दिवशी पाण्याकडे बघण्याची त्याची नजर बदललेली असेल.

प्रवासाचं थोडक्यात. आता आपल्या हिंगोलीहूनच मुंबईला जनशताब्दी आहे, त्यामुळे नांदेड गाठायची धावपळ नाही. पण रेल्वे, मग विमान, मग कोलंबोहून गाडीने दक्षिणेला, एवढं सगळं करून लगेच दुसऱ्या पहाटे बोटीत बसू नका. मिरिसाच्या बोटी उजाडता उजाडता सुटतात. जागरण झालेल्या माणसाला समुद्र आधी लागतो. एक रात्र नीट झोपा. आणि बोटीचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवू नका. समुद्र कोणाचं ऐकत नाही. वारा उठला तर त्या दिवशी बोट सुटणार नाही, किंवा सुटेल आणि देवमासा दिसणार नाही. हातात एक-दोन दिवस मोकळे असले तर पुन्हा जाता येतं. नसले तर माणूस बोटवाल्याच्या मागे लागतो, कसंही करून दाखवा म्हणतो, आणि तिथूनच सगळं बिघडतं.

म्हणून बोट निवडणं हे ह्यातलं सगळ्यात मोठं काम. तिकीट महाग की स्वस्त, नाश्त्याला काय देतात, ह्यावर बोट ठरवू नका. बंदरावर किंवा हॉटेलात जो कोणी तिकीट विकायला येईल त्याला एकच प्रश्न विचारा: देवमासा दिसला की तुम्ही बोट किती लांब थांबवता? जो सांगेल, अगदी जवळ नेतो, हात लावता येईल इतक्या जवळ नेतो, त्याला नमस्कार करा आणि पुढे व्हा. १०० मीटर लांब राहायचं हा तिथला नियम आहे, आणि जो नियम पाळतो तो ते अभिमानाने सांगतो. मग बाकीचे प्रश्न: परवाना आहे का, लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, शौचालय आहे का, काहीच दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नेता का. हे सगळं पैसे देण्याआधी बोला. वसमतच्या बाजारात हळदीचा भाव ठरल्याशिवाय कोणी पोतं हलवत नाही; तोच शिरस्ता इथे ठेवा.

लांब राहण्यावर मी एवढा जोर का देते, ते ऐका. देवमासा आपल्यासारखा हवेतला श्वास घेतो. खाली जाऊन खाल्लं की वर येऊन त्याला चार-सहा श्वास सलग घ्यावे लागतात, तेव्हा कुठे तो पुन्हा खोल जाऊ शकतो. बोट अंगावर आली की तो श्वास अर्धे टाकून बुडी मारतो. पोटभर दम नाही, म्हणजे खाली जाऊन पोटभर खाणंही नाही. सकाळभर दहा बोटी त्याच्या मागे लागल्या तर त्या जनावराचा अख्खा दिवस वाया जातो. शिवाय मिरिसासमोरूनच जगातला एक फार गजबजलेला जहाजमार्ग जातो. जहाजाच्या धडकेने देवमासे मरतात. २०२२ मध्ये एमएससी ह्या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली ती ह्याच कारणाने. जिथे जनावराला आधीच एवढा धोका आहे, तिथे आपण फोटोसाठी त्यात भर घालायची नाही.

मी स्वतः दोन्ही तऱ्हेच्या बोटीत बसले आहे. एका बोटीवरचा माणूस फवारा दिसला रे दिसला की इंजिन रेटून तिकडे धावायचा. आम्ही पोचेपर्यंत शेपूट पाण्यात गेलेली असायची. लोक ओरडत होते, डिझेलच्या धुराने अर्धे आडवे झाले होते, आणि दिसलं काय, तर पाण्यावरचा एक गुळगुळीत गोल डाग. दुसऱ्या बोटीचा कप्तान उतारवयाचा होता. त्याने लांबूनच वेग कमी केला, देवमाशाच्या वाटेत आडवा न जाता त्याच्या बाजूने, त्याच दिशेला बोट लावली आणि इंजिन बंद केलं. बोट नुसती डुलत होती. बराच वेळ काही नाही. मग डाव्या हाताला पाण्याचा रंग बदलला. गडद निळ्यात एक फिकट, हिरवट निळी लांब पट्टी उमटली आणि ती सरकायला लागली. पट्टी वर आली. पाठ दिसली, राखाडी, ठिपक्याठिपक्यांची, आणि ती संपेचना. फवारा आधी दिसला आणि त्याचा आवाज क्षणभराने पोचला, जड आणि खोल. वाऱ्याबरोबर त्याच्या श्वासाचा वासही आला, माशांच्या पाटीसारखा उग्र. त्याने आमच्या समोर सावकाश सगळे श्वास घेतले. कोणी काही बोललं नाही. तो स्वतःहून आला होता आणि स्वतःच्या वेळेला गेला. असा कप्तान शोधा, पोरी. तो सापडला की बाकी सगळं सापडतं.

बोट डुलते म्हणाले, त्यावरून तुमच्याबरोबर येणाऱ्या विहीणबाईंचं आठवलं. त्यांना इसापूरच्या धरणात नावेत बसवलं होतं, काही झालं नाही, म्हणून समुद्रातही होणार नाही असं धरून चालू नका. धरणाचं पाणी हलतं, समुद्राचं पाणी उचलतं. खाली लांबलांब लाटा असतात, त्या डोळ्यांना कळत नाहीत, पोटाला कळतात. ज्याला औंढ्याहून परभणीला जाताना एसटी लागते, त्याला बोट लागणारच. गोळी बोटीत चढायच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, आणि विहीणबाईंना काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असेल तर ती चालत नाही, म्हणून निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. दोन वर्षांखालच्या लेकराला ती द्यायचीच नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, भरल्या पोटीही जाऊ नका. पहाटे खारी, मुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, इतकं पुरे. दुधाचा चहा टाळा. आलेपाकाच्या वड्या घरून करून न्या. बोटीत जिभेखाली एक ठेवली की बरं वाटतं. बोटीवर नाश्त्याची डबी देतात, ती लगेच फोडू नका. पोट समुद्राला सरावू द्या.

बसायची जागा खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याच्या थोडी मागे. सगळ्यांना पुढचं टोक हवं असतं, आणि सगळ्यात जास्त वरखाली तेच होतं. वरचा मजला बघायला छान, पण तो डुलतोही जास्त. जावईबापूंना लागत नसेल तर त्यांनी खुशाल वर जावं. मळमळायला लागलं की नजर क्षितिजावर ठेवायची, फोनमध्ये नाही, मांडीवरच्या लेकरातही नाही. उलटी आलीच तर वारा पाठीवर घेऊन कठड्याकडे जायचं, आणि कोणीतरी कंबरेला धरायचं. त्यात लाजायचं काही नाही. उलटी झाली की लिंबू-साखर-मीठाचं पाणी घोट घोट द्या.

आपण मराठवाड्याची माणसं, ऊन आम्हाला नवीन नाही, असं म्हणतो. समुद्रावरचं ऊन वेगळं आहे. वारा गार लागतो म्हणून अंग भाजतंय ते कळत नाही, आणि पाण्यावरून उलटं येणारं ऊन टोपीच्या खालून तोंडावर येतं. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली टोपी, नाहीतर सरळ ओढणी गुंडाळा. नाक, कान आणि मानेमागे उन्हाचं मलम जास्त. विहीणबाईंना साडीच नेसायची असेल तर नेसू दे, पण पदर कमरेला खोचून आणि घोट्याच्या वर. बोटीत चढताना पायात अडकलेला काठ फार वाईट. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. आणि लाइफ जॅकेट घातलं की बंदरात परत पाय टेकेपर्यंत काढायचं नाही. उकडतं, टोचतं, फोटोत बरं दिसत नाही, तरीही नाही. लेकराचं जॅकेट तू स्वतः बांध. खांद्याला धरून वर उचलून बघ, कानापर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही, दुसरं माग.

एवढी समुद्राची अक्कल मला वसमतमध्ये कुठून आली असती? ती मालवणच्या एका गाबीत मच्छीमार म्हाताऱ्याने दिली. आम्ही तारकर्लीला डॉल्फिन बघायला गेलो होतो. तो म्हणाला, पाण्याकडे बघायचं म्हणजे एका जागी डोळे रोवायचे नाहीत. डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवायची, पुन्हा परत आणायची, आणि जिथे पक्षी घिरट्या घालतात तिथे थांबायचं. पक्षी जिथे, तिथे मासळी. मासळी जिथे, तिथे मोठं जनावर. मी ते मिरिसाला वापरलं आणि बोटीवरच्या मुलाच्या आधी फवारा ओळखला. जमलं तर तुम्हीही श्रीलंकेच्या आधी एकदा मालवण किंवा दापोलीकडच्या मुरूड-हर्णैला जाऊन या. तासाभराची फेरी असते, डॉल्फिन दिसतात, आणि कोणाला बोट लागते, कोणाला नाही, हे स्वस्तात कळतं. तिथेही तेच सांगा: पाठलाग करू नका, थांबा.

आणि देवमासा म्हणजे परदेशातलीच गोष्ट असंही लेकराच्या मनात बसू देऊ नकोस. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात, कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा पिल्लासह दिसला होता. त्याच वर्षी जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा किनाऱ्यावर येऊन अडकला आणि मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. गावकरी आणि वनखात्याची माणसं दिवसरात्र त्याच्या अंगावर पाणी मारत राहिली, त्याला ओढून समुद्रात सोडलं, तरी ते वाचलं नाही. कोकणात फिरताना असं काही दिसलं तर अंगावर चढून फोटो काढणाऱ्या गर्दीत शिरायचं नाही. वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर लगेच कळवायचं, त्याचं अंग ओल्या कापडाने भिजवत ठेवायचं, आणि डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मात्र मोकळं ठेवायचं, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही.

बोटीवर नक्की काय बघायचं ते आता. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ उभा, नऊ मीटरपर्यंत जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या शिवारात हळद शिजवतात, बॉयलरचं झाकण उघडलं की वाफेचा जो खांब उभा राहतो, डोळ्यांसमोर तोच ठेवा. क्षितिजावर तसं काही दिसलं की तो फवारा. फवारा पुढे आणि डावीकडे कललेला, बुटका असेल तर तो स्पर्म व्हेल, दुसऱ्या जातीचा देवमासा. त्याची नाकपुडी डोक्याच्या डाव्या टोकाला असते. दिशा सांगताना ‘तिकडे, तिकडे’ म्हणून हात नाचवू नका. बोटीचं पुढचं टोक म्हणजे बारा वाजले असं धरा आणि ‘तीन वाजता’, ‘दहा वाजता’ असं सांगा. सगळ्यांना एकदम कळतं. श्वास मोजा. सलग काही श्वास झाले आणि पाठ एकाएकी जास्त वाकली की समजा, आता बुडी. कधी शेपूट पूर्ण वर येते, कधी नाहीच येत. त्यानंतर दहा-एक मिनिटं काही दिसणार नाही. पाणी प्यायचं, लेकराला शौचालयात न्यायचं ते ह्याच वेळात.

दुर्बीण न्यायची तर आठपट पुष्कळ झाली. त्याहून जास्त ताकदीची हलत्या बोटीत निरुपयोगी. हात थोडा हलला की आभाळच दिसतं. निघायच्या आधी सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीवर जाऊन पाण्यावरच्या पक्ष्यांवर लेकराचा सराव करून घ्या. फोन पाण्यापासून जपायच्या पिशवीत, पिशवी गळ्यात. आणि पहिल्यांदा देवमासा वर येईल तेव्हा कोणीच फोन उचलायचा नाही, असं घरातच ठरवून निघा. दुसऱ्या वेळेला हवे तितके काढा. फोटो आला तर अंगावरचे ठिपके आणि पाठीवरचा पंख दिसेल असा घ्या. त्या खुणांवरून संशोधक एकेक देवमासा वेगळा ओळखतात.

लेकराला ‘देवमासा दिसेल’ असं वचन देऊ नका. ‘देवमासा राहतो तिथे आपण जातोय’ असं सांगा. वाटेत उडणारे मासे असतात, कासवं असतात, उडी मारून हवेत गिरकी घेणारे स्पिनर डॉल्फिन असतात. ते दिसले तर त्यांचंही कौतुक करा, ‘हा नव्हे, तो मोठा कुठाय’ म्हणू नका. मोठी माणसं हिरमुसली की मूलही हिरमुसतं.

किनाऱ्यावर कोणी प्रवाळ, शंख किंवा ‘देवमाशाची उलटी’ म्हणून अंबरग्रीसचा तुकडा विकायला आला तर हातही लावू नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देवमाशाचं काहीही बाळगणं, विकणं, आणणं गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रात अंबरग्रीस बाळगल्यापायी किती जण तुरुंगात गेलेत हे तुम्ही पेपरात वाचता.

शेवटी बक्षिसाचं. लोक बोट सुटायच्या आधीच कप्तानाच्या हातात नोट ठेवतात आणि ‘जवळ घ्या हं’ म्हणतात. तुम्ही तसं करू नका. परत बंदरात उतरा, लेकराला उतरवा, विहीणबाईंना हात द्या, आणि मग, तो खरोखर लांब थांबला असेल, त्याने इंजिन बंद केलं असेल, तर जावईबापूंनी सगळ्यांच्या देखत त्याला बक्षीस द्यावं आणि ते कशाबद्दल आहे हे मोठ्याने सांगावं, शेजारच्या बोटवाल्यांना ऐकू जाईल असं. त्या दिवशी देवमासा दिसला नसला तरीही द्यावं.